शून्यावर आणलेलं चाक

सोमवार, १ तारीख

आजपासून बाबा माझ्याशी कामाचं बोलणार नाहीत. ही अट मीच घातली आहे, त्यामुळे कुरकुर करायचीही सोय नाही.

काल जेवताना विषय निघाला तो थेट विकोपाला गेला. बाबांचे गुडघे गेलेत, मान्य. त्यांना आता गाडीखाली सरपटत जाता येत नाही, तेही मान्य. पण म्हणून गॅरेज बंद करायचं आणि जागा मामाला फरशीच्या दुकानासाठी द्यायची? मग मी काय इतकी वर्षं तिथे माश्या मारत होते? मी म्हटलं, मी चालवते. तर म्हणाले, "चालवशील गं. पण माझ्याशिवाय? दर बोल्टाला 'बाबा, बघा ना' करतेस." मी असं करते? करत असेन एखाद्या वेळी. पण खरी अडचण त्यांची आहे. मी पाना हातात घेतला की मागून सुरू. तो नको, बारका घे. अगं उलटा. अगं हळू. अगं, आधी ऐक तरी. अशाने माणसाने काम करायचं कसं?

शेवटी पैज लागली. महिनाभर गॅरेज मी एकटीने चालवायचं. एकही गाडी तक्रार घेऊन परत आली तर मी हरले आणि जागा मामाची. बाबांनी कामाबद्दल चकार शब्द काढला तर ते हरले, किल्ल्या माझ्या, आणि हा विषय या घरात पुन्हा नाही. जो आधी चुकेल तो गेला. आई पंच. आईने फक्त एक खुलासा मागितला. "जेवायला वाढ म्हटलेलं चालेल ना? नाहीतर माझ्यावर यायचं."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं, मान डोलावली, आणि तेव्हापासून, बोललं की कामाचंच निघेल म्हणून की काय, पार मूग गिळून बसलेत.

वही काढली ती एवढ्यासाठीच. दिवसभरात काय झालं ते सांगायला आता कोणी नाही. आई ऐकते, पण तिचं अर्धं लक्ष गॅसवर असतं.

मंगळवार, २

अंडीवाल्या मावशींची गाडी आली. मावशी म्हणजे नात्याने कोणी नव्हेत. पहाटे पोल्ट्रीवरून अंडी उचलतात आणि दुकानादुकानांत पोचवतात. "गाडी माझ्या लग्नाच्या वयाची आहे," असं त्या म्हणतात. म्हणजे नक्की केवढी ते त्या सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. मागची सीट काढून टाकली आहे, तिथे ट्रे रचतात.

क्लच घसरतोय म्हणून आली होती. गिअरबॉक्स उतरवला तर क्लचच्या मागचं फ्लायव्हीलच गेलेलं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला बसवलेलं जाडजूड लोखंडी चाक, इंजिनाला एका दमात फिरतं ठेवणारं. त्याची क्लचला घासणारी बाजू जळून निळी पडलीय आणि मध्यापासून कडेपर्यंत तडा. घासून, तासून वापरण्यातलं नाही. नवीनच टाकायला हवं.

मावशी म्हणाल्या, "टाक नवीन. पण एक सांगते पोरी, माझी गाडी कशी चालायला पाहिजे, तर टपावर मांजर झोपलेलं असेल तर त्याला कळता कामा नये. मी लोखंड विकत नाही."

मी म्हटलं, मांजर घेऊनच या.

बाबा त्यांच्या कोपऱ्यातल्या खुर्चीतून सगळं ऐकत होते. जुनं चाक मी खाली ठेवलं तेव्हा उठून आले, वाकायला जमत नाही तरी वाकले, मागच्या बाजूने हात फिरवला. मग तोंड उघडलं. मी लगेच म्हटलं, "हं?" तसं मिटलं. मजा आली.

गुरुवार, ४

नवीन फ्लायव्हील आलं. पार्टच्या दुकानदाराने शपथेवर सांगितलं की याच गाडीचं. भोकं मोजली, बरोबर जुळतात. त्यातलं एक भोक मुद्दाम जरा सरकवलेलं असतं, म्हणजे चाक एकाच प्रकारे बसतं, दुसरं कसं बसवू म्हटलं तरी बसत नाही. तेही जुळलं.

पण मी काही दुकानदाराच्या शपथेवर चालणारी नाही. एवढं वजन इंजिनाबरोबर गरगर फिरणार, त्यात एका बाजूला जरा जरी जास्त असलं तरी इंजिन हादरतं. म्हणून चाक तोलून घ्यायचं ठरवलं. बाबांनीही हेच केलं असतं.

आमच्या गाडीच्या डिकीत ठेवलं, पाणी पिऊन आले, तर शेजारी जुनंही ठेवलेलं! बाबांनी. एवढं धूड गुडघ्यांची ती अवस्था असताना उचललं कसं देव जाणे. मी म्हटलं, "बाबा, हे कशाला? तडा गेलेलं आहे. उगाच डिकीला भार." ते माझ्याकडे बघत राहिले. मी ते काढून परत खाली ठेवलं. वय झालं की माणूस असं काहीबाही करतो. वाईट वाटलं जरा.

तोलायचं यंत्र आमच्याकडे नाही, ते तराजूवाल्या काकांकडे. खरं तर त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे, पण हे यंत्र आसपास त्यांच्याचकडे, म्हणून सगळे तराजूवालेच म्हणतात. चाक त्यात चढवून फिरवलं की कुठल्या बाजूला किती जास्त वजन आहे ते काटा दाखवतो. फिरवलं आणि काटा पार पलीकडे! मी थक्क. नव्याकोऱ्या चाकात एवढी तफावत? पाठीमागे एका बाजूला जाड फुगवटा होता, ओतकाम करताना राहिलेला, तिथेच जास्त.

तराजूवाले म्हणाले, "जुनं आणलंय का?"

"जुनं कशाला? त्याला तडा गेलाय."

"असतं तर बरं." एवढं बोलून त्यांनी खांदे उडवले. या माणसाचे शब्द महाग आहेत. मी म्हटलं, काका, तुम्ही फक्त शून्यावर आणा.

मग ड्रिलने त्या जड बाजूला मागून उथळ भोकं पाडत गेलो. एक भोक, परत फिरव, परत बघ. शेवटी काटा शून्यावर येऊन जो बसला तो हलेचना. मी इतक्या गाड्यांची चाकं तोलून आणली, पण इतकं नेमकं कधी जमलं नव्हतं. त्या पार्टवाल्याला फोन करून चांगली हजेरी घेतली. कसला माल विकता म्हटलं.

जेवताना आईला मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "आई, एक कणभरसुद्धा फरक नाही. पूर्ण शून्य!" आई म्हणाली, "बरं झालं हो." बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी छताकडे पाहिलं, मग डोळे मिटले, मग पाणी प्यायले. जळफळाट, दुसरं काय.

शनिवार, ६

फ्लायव्हील बसवलं, नवीन क्लच बसवला. गिअरबॉक्स सोमवारी चढवेन.

आज भंगारवाला आला. मी गॅरेज साफ करायला घेतलं आहे. बाबांच्या राज्यात इथे तीन गाड्यांची जागा भंगारानेच खाल्ली होती. जुने सायलेन्सर, फुटके रेडिएटर, सगळं काढलं. जुनं फ्लायव्हीलही काढणार होते, तर ते बाबांच्या पायाखाली. पाय ठेवायला घेतलंय म्हणे. म्हणे म्हणजे मीच म्हणते, ते कुठे बोलतात. मी म्हटलं, "बाबा, पाय उचला." नाही. "बाबा, मी तुम्हाला लाकडी पाट आणून देते." नाही. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. भंगारवाला बिचारा वजनकाटा घेऊन ताटकळला. शेवटी तोच म्हणाला, "राहू द्या ताई, साहेबांच्या पायाखालचं कुठे ओढू."

आईकडे तक्रार केली. आई म्हणाली, "लोखंड आहे, अंडं थोडंच आहे, नासतंय का? आणि त्यांना काही सांगायचं असेल."

"सांगायचं असेल तर सांगावं की. पैज हरतील, एवढंच."

"तू पण ना," आई म्हणाली, आणि गॅसकडे वळली. आजकाल या घरात कोणी वाक्य पुरं करत नाही.

सोमवार, ८

गाडी सुरू केली.

नुसती सुरू ठेवली तर ठीक वाटते. रेस दिली की मात्र थरथर सुटते. साधी थरथर नाही, दात वाजावेत तशी. सबंध गाडी हलते. मडगार्डवर पाना ठेवला होता, तो चालत चालत कडेला गेला आणि खण्णकन पडला.

बाबा उठले. पाना उचलला. परत मडगार्डवर ठेवला. तो परत चालत गेला आणि पडला. त्यांनी परत उचलून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. माझा पारा चढला. म्हटलं, "बाबा, इथे माझ्या डोक्याला ताप झालाय आणि तुम्ही खेळ काय मांडलाय?" पाना माझ्या हातात देऊन गेले खुर्चीत. पाय त्या चाकावर.

माउंटिंगची, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ती, रबरं गेली असणार. इतकं जुनं इंजिन, रबर कडक होतं, थरथर सगळी बॉडीत येते. उद्या बदलते.

मंगळवार, ९

रबरं बदलली. काडीचा फरक नाही.

गुरुवार, ११

काल प्लग, वायरी, कार्बोरेटर सगळं बघून झालं. आज गिअरबॉक्स परत उतरवला. क्लच तिरका बसलाय का बघितलं, नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट एकेक करून पुन्हा आवळले, सगळे ठीक होते. फ्लायव्हीलवर संशय घ्यायचं कारणच नाही, ते तर शून्यावर आहे. या सगळ्या गाडीत भरवशाचा एकच पार्ट आहे, तो तोच. परत चढवलं. परत तेच.

मी हात टेकले आहेत. हे इथे लिहिते, तोंडाने कबूल करणार नाही.

आज एकदा असं झालं की मी गाडीखालून सवयीने "बाबा, बघा ना" म्हटलं. म्हणजे म्हटलं की नुसतं मनात आलं, नक्की नाही. पण खुर्ची करकरली. मी घाईघाईने "बाबा, बाजूला व्हा ना, उजेड अडतोय" असं काहीतरी जोडून दिलं. ते उजेडात नव्हतेच.

विचारलं तर काय बिघडेल? मी विचारायचं नाही असं काही ठरलेलं नाही. त्यांनी उत्तर दिलं तर ते हरतील, म्हणजे माझाच फायदा. पण असं जिंकून काय करू? विचारल्याशिवाय हिला जमत नाही, हेच तर त्यांचं म्हणणं आहे. ते खरं करून किल्ल्या घ्यायच्या? मला नकोत तसल्या किल्ल्या.

आणि मुळात ते सांगतील कशाला? त्यांना जागा मामालाच द्यायची आहे. मामा या आठवड्यात इकडे फिरकलाही नाही, फोनही नाही. दबा धरून बसला असणार.

एक खरं लिहू? गॅरेजमध्ये फार शांत झालंय. पूर्वी त्या टकळीने डोकं उठायचं. आता माझाच पाना वाजतो तो ऐकू येतो. मला हे आवडेल असं वाटलं होतं.

शुक्रवार, १२

मावशींचा फोन, मग दुसरा, मग त्या स्वतःच आल्या. भाड्याचा टेम्पो परवडत नाही, टेम्पोवाला खड्डा बघून गाडी घालतो, दुकानदार नावं ठेवायला लागलेत. "झाली की नाही?" मी म्हटलं, "झाली." जीभ कशी वळली कोण जाणे.

अगदीच खोटं नाही. हळू चालवली तर एवढं जाणवत नाही. जुन्या इंजिनाला थोडं हादरणं असतंच. क्लच तर झकास लागलाय. मी मावशींना सांगितलं, सुरुवातीला दामटू नका, नवीन पार्ट आहेत, जरा रुळू द्या. फ्लायव्हील काय रुळायचंय? चप्पल आहे का ती?

गाडी गेली. बाबा गेटपर्यंत चालत गेले आणि वळणाआड होईपर्यंत बघत राहिले. परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी झटकला नाही, पण आत निघून गेले. जिंकणाऱ्या माणसाची दया मला नको होती.

पैज लागली तेव्हा वाटलं होतं, हसत हसत जिंकेन. आता वाटतंय, सोमवारी नाही तर मंगळवारी गॅरेज जाणार. मामा फरशा लावेल तिथे. मी दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये नोकरी करेन आणि तिथे कोणीतरी म्हणेल, तो नको, बारका घे. फरक एवढाच की ते माझे बाबा नसतील.

सोमवार, १५

आजचं सगळं नीट लिहून ठेवते, कारण मी जिंकले आहे.

सकाळी उघडलं तेव्हा बाबा आधीच येऊन बसले होते. दाढी करून, बाहेर जायचा शर्ट घालून. खुर्ची रोजच्या कोपऱ्यात नव्हती, गेटपाशी आणली होती. जुनं चाकही ढकलत तिथवर आणलं होतं. मी विचारलं, "इथे का?" ऊन दाखवल्यासारखं वर बोट केलं. मी म्हटलं, बसा.

चहा झाला. मी एका स्कूटरचा ब्रेक खोलून बसले होते. तेवढ्यात कोपऱ्यावरून तो आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. गाडी थडथडत आत शिरली, थांबली, मावशी उतरल्या. त्यांच्या बाहीवर, पदरावर, हातावर, सगळीकडे पिवळं. मागे बघितलं तर वरच्या दोन ट्रेचा नुसता चिखल. मावशींनी कमरेवर हात ठेवले, श्वास घेतला, माझ्याकडे बघून तोंड उघडलं, "अगं पो—"

आणि बाबा खुर्चीतून उभे राहिले. गुडघे गेलेला माणूस, ताडकन उभा. शेजारच्या गल्लीत ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "फ्लायव्हील शून्यावर आणलंस, तिथे घोळ झाला! या इंजिनाला शून्य चालत नाही!"

मावशी "अगं पो" वरच थांबल्या. मी ब्रेकचा नट हातात धरून तशीच. गॅरेजला लागून असलेल्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचं डोकं बाहेर आलं.

"बोललात?" आई म्हणाली.

"बोललो," बाबा म्हणाले.

"कामाबद्दल?"

"कामाबद्दलच."

"मग हरलात." आई पदराने हात पुसत बाहेर आली. मावशींना म्हणाली, "तुमचं काय म्हणणं होतं ताई? सावकाश सांगा आता."

मावशींनी सांगितलं. सावकाश नाही, पण सांगितलं. माझ्या सात पिढ्या, ते मांजर, दुकानदार, सगळं त्यात आलं. मी म्हटलं, आई, गाडी परत आली की. आई म्हणाली, "गाडी आली, तक्रार नंतर आली. ह्यांचं वाक्य आधी पुरं झालं. पंच मी आहे ना?"

म्हणजे मी जिंकले. किल्ल्या माझ्या. बाबांना शेवटी राहवलं नाही! दोन मिनिटं अजून गप्प बसते तर बाजी त्यांची होती. आयुष्यभर जिभेवर ताबा नव्हता, आज नेमकं तेच नडलं. मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "हो ना, काय करणार, तोंडातून निघून गेलं." आणि हसत होते. हरलेला माणूस एवढा खूश मी बघितला नाही.

मग त्यांनी सांगितलं. आता बोलायला मोकळे होते आणि दोन आठवड्यांचं तुंबलेलं होतं. बहुतेक गाड्यांचं फ्लायव्हील आपल्या जागी समतोल असतं, मी आजवर केलेली सगळी तशीच. पण या इंजिनाचा क्रँक, म्हणजे ज्या दांड्यावर हे चाक बसतं तो, मुळातच एका बाजूला जड आहे. तो जडपणा मारायला बनवणाऱ्याने चाकात उलट्या बाजूला मुद्दाम वजन ठेवलंय. तो फुगवटा ओतकामातली चूक नव्हती. तोच खरा मुद्दा होता.

"तू चाकाला सरळ केलंस, क्रँक वाकडाच राहिला," बाबा म्हणाले. "मी एका बाजूला वाकडा, तुझी आई दुसऱ्या बाजूला. म्हणून घर चाललंय. एकाला सरळ करून बघ."

"वाकडे तुम्ही," आई म्हणाली. "मी आहे तशी सरळच आहे."

मी म्हटलं, "मग आधी का नाही सांगितलंत?" आणि म्हणता म्हणता कळलं की डिकीत ठेवलं होतं, पाय ठेवून बसले होते, पाना पुन्हा पुन्हा उचलला होता. मला एकदम रडू आलं. चुकले म्हणून की त्यांचा आवाज ऐकला म्हणून, काय माहीत. तेलकट हाताने डोळे पुसले, ते आणखी चुरचुरले. बाबा म्हणाले, "अगं, चिंधी घे, हाताने काय पुसतेस." झाली सुरुवात.

बुधवार, १७

तराजूवाल्यांकडे गेलो. दोघं, आणि डिकीत दोन्ही चाकं. वाटेत बाबांनी मला तीनदा गिअर बदलायला सांगितलं.

तराजूवाले जुनं चाक बघून एवढंच म्हणाले, "मी विचारलं होतं." मी म्हटलं, काका, पुढच्या वेळी जरा ओरडून विचारत जा.

उपाय साधा आहे. जुनं यंत्रावर चढवायचं, कुठे आणि किती जड आहे ते सरकवलेल्या भोकापासून मोजून घ्यायचं, आणि नवीन चाक शून्यावरून तेवढंच बिघडवायचं. जड बाजू मी पोखरून ठेवलीच होती, तिथे वजन चिकटवता येत नाही. म्हणून समोरच्या बाजूला भोकं पाडून ती हलकी करायची. हलक्या बाजूच्या समोरची आपोआप जड.

बाबा खडूने खुणा करायला लागले. मी जुनं चाक हातात फिरवून बघत होते आणि मला दिसलं की क्लच धरून ठेवणाऱ्या पिनांपैकी एकीची जागा रिकामी आहे. मी म्हटलं, "थांबा. इथली पिन कधीतरी गळून पडली आहे. असंच तोललं तर एका पिनेइतकं चुकेल. नव्यात सगळ्या पिना आहेत." बाबांनी चष्मा वर करून बघितलं. तराजूवाल्यांनी बघितलं. मग बाबा म्हणाले, "हे मी बघितलंच नव्हतं." तराजूवाल्यांकडे वळून म्हणाले, "बघितलंत का? हे मी बघितलंच नव्हतं." घरी येऊन आईलाही तेच. पोचल्यापोचल्या. आई म्हणाली, "किती वेळा सांगाल?"

पिन बसवली, मग तोललं. भोकं मी पाडली. दोन्ही चाकांवर काटा एकाच जागी आला. शून्यापासून बराच लांब, पण एकाच जागी.

शनिवार, २०

सुरू केली. रेस दिली. पाना मडगार्डवर ठेवला. हलला नाही. बाबांनी स्वतः जाऊन तो अगदी कडेवर, अर्धा बाहेर येईल असा ठेवला. तरी हलला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मावशी भरलेले ट्रे घेऊनच आल्या होत्या. मला मागे ट्रेंजवळ बसवून त्यांनी मोठ्या रस्त्यावर गाडी जी पिटाळली की मलाच भीती वाटली. परत येऊन एकेक ट्रे उचलून बघितला. एकही फुटलं नव्हतं. मागच्या नासाडीचं मी बोलणार, तेवढ्यात त्यांनीच एक ट्रे माझ्या हातात दिला. "मांजर आणायचं राहिलं," म्हणाल्या.

घरी सगळ्यांनी ऑम्लेट खाल्लं.

मंगळवार, ३०

महिना संपला. पैजेचा निकाल आधीच लागला होता, तरी आईला आज सगळ्यांना जेवायला बसवायचं होतं. मामालाही बोलावलं. मी म्हटलं, त्याला कशाला, तो तोंड पाडून बसेल.

तर मामा भलताच खुशीत. फरशीचं दुकान सुरूही झालं म्हणे, बाजाराच्या मागे, जागा इथल्यापेक्षा मोठी. मी म्हटलं, "एवढ्यात? पंधरा तारखेपर्यंत तर आमचं काही ठरलं नव्हतं." मामा म्हणाला, "अगं, मला दाजींनी पहिल्याच आठवड्यात फोन केला. दुसरी जागा बघ म्हणाले, इथलं काही जमणार नाही, पोरगी चालवणार आहे."

मी बाबांकडे बघितलं. ते आईला म्हणाले, "जेवायला वाढ." आई मामाला म्हणाली, "तू जेव रे गपचूप."

मामाचा तारखांचा घोळ जुनाच आहे. स्वतःच्या मुलाचा वाढदिवस विसरतो. पहिल्या आठवड्यात तर मी पार चुकत होते, तेव्हा असा फोन कोण करेल?

जेवण झाल्यावर गॅरेज बंद करायला गेले. कुलूप आता मी लावते. बाबा मागे होते. खुर्ची पुन्हा तिच्या कोपऱ्यात गेली आहे आणि जुनं चाक अजून तिथेच आहे. मी ते भंगारात देणार नाही म्हणून सांगितलंय. गेट ओढताना एक गोष्ट डोक्यात आली. हे गेट पश्चिमेला आहे. इथे सकाळी ऊन येतच नाही. म्हणून विचारलं, "बाबा, त्या सोमवारी खुर्ची इथे आणून का बसला होतात?"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी म्हटलं, अहो, पैज संपली, आता बोलायला काय जातं? तर नाही. मान डोलावून हसत घराकडे चालायला लागले. एरवी बोल म्हटलं नाही तरी बोलतात, आणि सरळ विचारलं तर तोंडाला कुलूप. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसाने.